आवाज ऐकून घेणारं गाव

उत्तर जर्मनीतल्या वाकन गावात एरवी वर्षभर मोठा आवाज म्हणजे ट्रॅक्टरचा. हॅम्बुर्गपासून वायव्येला, मोटारीने तासाभरावर हे गाव. सपाट जमीन, मक्याची शेतं, कुरणांत काळ्या-पांढऱ्या गाई, लांबवर पवनचक्क्या. वस्ती दोन हजारांच्या आसपास. ऑगस्ट उजाडला की याच गावाच्या शिवारात ‘वाकन ओपन एअर’ भरतो आणि हेवी मेटलवर जीव टाकणारी माणसं जगभरातून इथे येऊन राहतात. २०१९चा फेस्टिव्हल तिसावा होता. ७५ हजार तिकिटं विकली गेली होती. म्हणजे गावातल्या एकेका माणसामागे सदतीस-अडतीस पाहुणे, आणि तेही तंबू ठोकून मुक्कामाला.

मला त्यातल्या शुक्रवारबद्दल, २ ऑगस्टबद्दल लिहायचंय. त्या रात्री स्लेयर वाजवणार होते. कॅलिफोर्नियातला हा थ्रॅश मेटल, म्हणजे अतिशय वेगवान हेवी मेटल वाजवणारा बँड मी शाळेत असल्यापासून ऐकत आलेय. आपण आता थांबणार असं त्यांनी २०१८च्या सुरुवातीलाच जाहीर केलं होतं आणि ही त्यांची निरोपाची फेरी होती. त्यामुळे ऊन असो, पाऊस असो, त्या मैदानात मी असणार हे नक्की होतं. पण त्या दिवसाचा विचार करायला लागलं की स्लेयरच्या जोडीने ते गावही मनात येतं. दोन्ही एकमेकांत इतकी मिसळली आहेत की वेगळी काढता येत नाहीत.

उन्हाळ्यात इकडे साडेपाचलाच उजाडतं. तंबूत तशीही झोप कमीच. कुणाच्या तरी स्पीकरवर गाणी सुरूच असतात, कुणी जनरेटर चालू करतं, पलीकडे कुणीतरी आदल्या रात्रीच्या गाण्याचा ठेका डब्यावर धरून बसलेलं असतं. सातच्या सुमारास बूट चढवले आणि गावाकडे निघाले. फेस्टिव्हलच्या आवारात खायला-प्यायला हवं ते मिळतं, पण सकाळची कॉफी गावात घ्यायची हा माझा शिरस्ता.

मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाल विटांची घरं आणि जवळपास प्रत्येक घरासमोर काही ना काही मांडलेलं. कुणी अंगणात बाकं टाकून न्याहारी देतंय, कुणी गॅरेजमध्ये बिअरचे क्रेट रचलेत, कुणी सॉसेज भाजतंय. दहा-बारा वर्षांची पोरं हातगाड्या घेऊन उभी असतात. पाण्याच्या बाटल्या, बिअरचे डबे, तुमची पिशवी, काय असेल ते तंबूपर्यंत पोहोचवायचं आणि चार पैसे कमवायचे. एका पोराने गाडीच्या दांड्याला सायकलची घंटी बसवली होती. समोर एक धिप्पाड माणूस रस्ता अडवून उभा. डोक्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे लाल केस, बिनबाह्यांच्या डेनिम जॅकेटवर गळ्यापासून कमरेपर्यंत बँडांचे पॅच शिवलेले. पोराने घंटी वाजवली. तो माणूस दचकून बाजूला झाला, ‘माफ कर हं’ म्हणाला आणि गाडी खड्ड्यात अडकल्यावर मागून ढकलायलाही धावला.

ज्या घरी मी कॉफी घेतली तिथल्या आजी सत्तरीच्या पुढच्या होत्या. ‘मोइन’ म्हणून त्यांनी बसायला सांगितलं. सकाळ असो की रात्र, या भागात हाच रामराम. टेबलावर फुलाफुलांचं मेणकापड, त्यावर उकडलेली अंडी, छोटे गोल पाव आणि घरचा स्ट्रॉबेरी जॅम. आजींच्या अंगात फेस्टिव्हलचा काळा टीशर्ट होता, छातीवर बैलाच्या कवटीचं चिन्ह, आणि वरून स्वयंपाकाचा एप्रन बांधलेला. मी विचारलं, “आवाजाचा त्रास नाही होत तुम्हाला?”

“कपाटातले काचेचे पेले वाजतात,” त्या म्हणाल्या. “फेस्टिव्हल सुरू व्हायच्या आधी मी त्यांच्यामध्ये कागदी रुमाल घालून ठेवते. रविवारी काढते.”

त्यात तक्रार नव्हती आणि आपण काही मोठं सोसतोय असा आवही नव्हता. आभाळ भरून आलं की वाळत घातलेले कपडे आत घ्यावेत, तसं ते काम होतं. वर त्यांनी मलाच विचारलं, आज कोण वाजवणार? स्लेयर म्हटल्यावर मान हलवली. “ते फार भरभर वाजवतात,” म्हणाल्या. बरोबरच होतं की ते!

हे सगळं सुरू झालं १९९०च्या ऑगस्टमध्ये. थॉमस येन्सन आणि होल्गर ह्युबनर हे इथलेच दोघे तरुण. गावाजवळच्या, खडी काढून झालेल्या एका खाणीत त्यांनी पहिला फेस्टिव्हल भरवला. सहा बँड आणि ८०० माणसं. येन्सन स्वतः ज्यात बेस गिटार वाजवायचा तो ‘स्कायलाइन’ त्या सहांतलाच. फेस्टिव्हल वाढत गेला, खाण पुरेना, शेतकऱ्यांच्या जमिनी घ्याव्या लागल्या. पण जे करणारे होते ते गावचेच राहिले, आणि मला वाटतं सगळी मेख तिथेच आहे. गावच्या अग्निशमन दलाचं स्वतःचं बँडपथक आहे, ट्रम्पेट-ट्यूबावालं. ‘वाकन फायरफायटर्स’ म्हणून ते दरवर्षी फेस्टिव्हलमध्ये वाजवतं आणि कातडी जॅकेटवाली हजारो माणसं त्यांच्या लोकगीतांवर हात वर करून नाचतात. गावचा पोहण्याचा तलाव पाहुण्यांना खुला असतो. गावातल्या चर्चमध्येही मेटलचा कार्यक्रम होतो. हे गाव फेस्टिव्हलकडे लांबून बघत बसलेलं नाही. फेस्टिव्हल त्यांच्या घरचा आहे.

आणि हे बघताना मला दरवेळी रंगभवन आठवतं.

मी गिरगावातली. धोबीतलावचं रंगभवन आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. झेवियर्स कॉलेजला लागून उघडं नाट्यगृह, बसायला पायऱ्या, डोक्यावर आभाळ. १९७८ पासून तिथे ‘जॅझ यात्रा’ हा जॅझ संगीताचा महोत्सव व्हायचा. १९८६ साली ‘मिराज’ बँडच्या फरहाद वाडियांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू केला. पोरं त्याला नुसतं ‘आयरॉक’ म्हणायची. मला पहिल्यांदा तिथे दादाने नेलं. आईची अट एकच, दोघांनी सोबत जायचं आणि सोबत यायचं. पाऊस पडत होता, पायऱ्या निसरड्या झालेल्या, समोर मार्शलच्या अँप्लिफायरवर प्लास्टिकचे कागद टाकलेले. कार्यक्रम सुरू झाला आणि तोवर घरच्या टेपरेकॉर्डरच्या चार इंची स्पीकरमधून ऐकलेलं संगीत मला पहिल्यांदा छातीच्या फासळ्यांत ऐकू आलं. त्या काळी या मंचावरचं मोठं नाव म्हणजे रॉक मशीन हा बँड, पुढे १९९३ मध्ये त्यांनी इंडस क्रीड हे नाव घेतलं. त्यांच्या गिटारवादकाचं नाव महेश तिनईकर. कॅसेटच्या कव्हरवर हे नाव वाचून मी आणि दादाने एकमेकांकडे बघितलं होतं. हे संगीत आपल्यातल्या माणसालाही वाजवता येतं, हे मला त्या आडनावाने कळलं.

मग ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, २००० साली. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा. रंगभवनच्या एका अंगाला झेवियर्स, जवळच कामा रुग्णालय, पलीकडे जीटी रुग्णालय. २००३च्या सुमारास तिथले कार्यक्रम बंदच झाले. मी या नियमाच्या विरोधात नाही, हे मला अगदी स्पष्ट लिहायचंय. कामा रुग्णालयात बाळंतिणी असतात. त्यांच्या खिडकीखाली रात्री गिटार वाजू नये, यात वाद घालण्यासारखं काहीच नाही. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नको, हा नियम सवाई गंधर्व महोत्सवालाही लागला. रात्रभर जागून पहाटेचे राग ऐकणारी पिढी त्याने हळहळली, पण तीही समजून गेली. माझं दुःख वेगळं आहे. मुंबईत आवाज कुठे करायचा नाही ते ठरलं. कुठे करायचा ते ठरवायचं मात्र राहून गेलं. रॉक ऐकणाऱ्या पोरांसाठी रंगभवनच्या बदल्यात कायमची जागा कुणी दिली नाही. आयरॉक इकडून तिकडे फिरला, मध्ये बरीच वर्षं थांबला, पुढे २०२२ मध्ये माझगावला पुन्हा भरला. दादा गेला होता. केस पिकलेले त्याच्या वयाचे किती लोक भेटले ते फोनवर सांगताना त्याचा आवाज चढला होता.

वाकनला मी दुपारपर्यंत लहान मंचांवरच फिरत राहिले. मुख्य मैदानात दोन मोठे मंच शेजारी शेजारी असतात. एकावर वाजत असताना दुसऱ्यावर मांडामांड चालते. तिथे गर्दी सरकतही नाही. पण फेस्टिव्हल खरा कळतो तो तंबूतल्या छोट्या मंचांवर, भर दुपारी, जेव्हा दूरच्या देशातून आलेला कुणी अनोळखी बँड अर्ध्या तासात आपलं सगळं ओतून जातो. पुढे पाच-पन्नास माणसं का असेनात, गाणारा हजारो समोर असल्यासारखा गातो. ‘मेटल बॅटल’ नावाची स्पर्धा आहे. देशोदेशी फेऱ्या होतात, निवडलेले बँड इथे येऊन वाजवतात. आपल्याकडचे बँड एव्हाना वाकनला नवे राहिलेले नाहीत. २०१३ मध्ये बंगळूरुचा क्रिप्टोस इथे वाजवून गेला, २०१४ मध्ये मुंबईचा डेमॉनिक रेझरेक्शन. २०१९ मध्ये दिल्लीच्या ब्लडीवूडने तर ढोल आणला. गिटारच्या जाड, घुमणाऱ्या सुराखाली ढोलाची थाप. आम्हा मराठी माणसांना ढोलाचं काय नवल सांगायचं? पण जर्मन शेतात, पायाखाली चिखल असताना, तो ताल ऐकून अनोळखी माणसं उड्या मारतायत हा आनंद मला मापता येणार नाही.

दुपारनंतर आभाळ पश्चिमेकडून काळं व्हायला लागलं. मोठ्या पडद्यांवर सूचना आली, मोबाइलवर आली, मग ध्वनिक्षेपकावरून आधी जर्मनमध्ये, नंतर इंग्रजीत: वादळ येतंय, विजांचा धोका आहे, मैदान सोडा, गाड्यांमध्ये आसरा घ्या. कार्यक्रम थांबले. मला इथल्या लोकांचं कौतुक वाटतं ते अशा वेळी. इतकी गर्दी हूं की चूं न करता वळली. कुणी धावलं नाही, कुणी आरडाओरडा केला नाही. व्हीलचेअरवरच्या एका मुलीला तिच्या मित्रांनी चाकांसकट उचलून घेतलं, आणि पुढच्या माणसांनी न सांगता वाट दिली.

मी तेव्हा खायला म्हणून गावाच्या दिशेने निघालेच होते. पाऊस असा कोसळला की शंभर पावलांत अंतर्वस्त्रापर्यंत भिजले. एका घराचं गॅरेज उघडं होतं, दारात एक गृहस्थ उभे राहून हाताने ‘या, या’ करत होते. आत गवत कापायचं यंत्र, मुलांच्या सायकली, भिंतीला फावडी टांगलेली. आम्ही पंधरा-वीसजण ओले, गारठलेले, खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. फिनलंडचे दोघे, एक मेक्सिकन बाई, बाकी जर्मन. त्या गृहस्थांनी आतून टॉवेलांचा गठ्ठा आणला आणि नाव-गाव न विचारता वाटला. मग उलट्या बादलीवर बसून आमच्याशी बोलायला लागले. गाऱ्हाणी होतीच त्यांची. चार दिवस मोटार बाहेर काढता येत नाही. शेताची माती एवढी दाबली जाते की नंतर नांगर धड लागत नाही. रात्री झोप नाही.

“मग बंद करा म्हणत नाही कुणी?” फिनलंडच्या एकाने विचारलं.

“म्हणतात ना. दरवर्षी म्हणतात,” ते म्हणाले. “पण पोरं आपलीच आहेत. काही खटकलं तर जाऊन तोंडावर सांगता येतं, आणि ती ऐकून घेतात.”

त्या गॅरेजमध्ये उभी असताना मला चाळीतली आमची शेजारीण आठवली. दादाच्या मित्राच्या भावाने परदेशातून ‘रेन इन ब्लड’ची कॅसेट आणली होती, ती फिरत फिरत आमच्याकडे आली. १९८६चा अल्बम. दहा गाणी, सगळी मिळून एकोणतीस मिनिटं. अल्बम इतका लहान की कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तोच भरलेला होता. एक बाजू संपली की उलटून पुन्हा पहिल्यापासून. आम्ही तसंच ऐकायचो. शेजारच्या काकू भिंतीवर थाप मारायच्या. पण त्यांच्या लेकीला बघायला पाहुणे येणार असले की आधी येऊन सांगायच्या, “आज चार ते सहा तेवढं बंद ठेवा हो.” आम्ही ठेवायचो. उरलेल्या दिवशी त्यांनी स्लेयर सोसला. दोन हजारांच्या गावाचा आणि एका चाळीच्या भिंतीचा हिशेब निराळा असेल, पण माझ्या मते तो चालतो याच रीतीने. डेसिबलचा आकडा लागतोच, त्याशिवाय दुबळ्याचं कुणी ऐकत नाही. जर्मनीतही आहे, प्रेक्षकांच्या कानांसाठी अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही असं इथलं मानक सांगतं. पण आकड्याच्या अलीकडे माणसांनी एकमेकांना आधी जाऊन सांगणं असतं. आमच्या शहरात आज आवाज करणारा एकीकडे आणि ऐकणारा दुसरीकडे, मधे फक्त पोलिसांचा फोन नंबर. गणपतीत, लग्नात, सगळीकडे हेच. याचा मला मनापासून त्रास होतो. कारण मला मोठा आवाज प्रिय आहे, आणि तो कुणाच्या छातीवर बसलेला मला नकोय.

पाऊस थांबला. मैदान पुन्हा उघडल्याचा निरोप मोबाइलवर आला तशी गॅरेजमध्ये एकच आरोळी उठली. मेक्सिकन बाईने त्या गृहस्थांना मिठी मारली. त्यांनी ओले टॉवेल एका टोपलीत गोळा केले आणि आम्ही चिखल तुडवत निघालो.

स्लेयर रात्री आले. मी डाव्या बाजूला, जिथून सगळा आवाज जुळवतात त्या मनोऱ्याच्या थोडी पुढे जागा धरली होती. आवाज तिथे सगळ्यात नितळ येतो, हे जुन्या जाणत्यांकडून शिकलेलं. कानांत बोळे घातले. त्याने आवाज कमी होतो तसा मोकळाही होतो, एकेक वाद्य सुटं ऐकू येतं. दिवे गेले, मंचावर आगीचे लोळ उठले, आणि पॉल बोस्टाफच्या दोन्ही पायांखालच्या बेस ड्रमचा पहिला मारा आला. ओल्या जमिनीतून तो आधी पोटऱ्यांना लागतो, छातीला नंतर. केरी किंग उजवीकडे मान खाली घालून, कमरेला जाड साखळ्या. डावीकडे गॅरी होल्ट. तो उभा होता ती जागा जेफ हॅनेमनची. हॅनेमन २०१३ मध्ये गेला. गिटारच्या ज्या रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटी, ऐकून आम्ही चाळीत माना हलवल्या त्यांतल्या कितीतरी त्याने बांधलेल्या. होल्ट त्या जशाच्या तशा वाजवतो, एक सूर इकडचा तिकडे करत नाही. याला मी निष्ठा म्हणते. स्वतः इतका मोठा वादक, पण मित्राच्या जागी उभं राहून मित्राचंच वाजवायचं.

समोर गर्दीत भोवरा सुरू झाला. माणसं गोल पळतायत, एकमेकांवर आपटतायत. एकजण घसरून पडला आणि क्षणात चार हात खाली गेले, तो उभा. हा नियम कुठे लिहिलेला नाही आणि तो मोडलेला मी पाहिलेला नाही. माझ्या शेजारी एक बाप आणि त्याची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी होती. तिला सगळे शब्द पाठ. बाप गात नव्हता, तो तिच्याकडेच बघत होता.

शेवटचं गाणं त्यांनी हॅनेमनचंच ठेवलं होतं. ते संपलं, आणि टॉम अराया मंचाच्या कडेला आला. साठीला टेकलेला माणूस, दाढी पांढरी. त्याने काही भाषण केलं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, थांबला, बघत राहिला, जणू आमच्यातला एकेक चेहरा त्याला लक्षात ठेवायचा होता. हजारो माणसं त्याच्या नावाने ओरडत होती. मीही ओरडत होते, गिरगावात ज्या आवाजात ओरडायला परवानगी नव्हती त्या आवाजात, घसा बसेपर्यंत. मग तो दोन शब्द बोलला आणि आत गेला.

मी दादाला फोन लावला. मुंबईत मध्यरात्र उलटून गेलेली, तरी पहिल्या रिंगला उचलला. “कसा होता आवाज?” हा त्याचा पहिला प्रश्न. मला सांगायचं होतं, पण घशातून शब्द फुटेना. तेवढ्यात दुसऱ्या एका मंचावरून गिटार सुरू झाली, तेव्हा मी फोन तिकडे धरला आणि त्यालाच ऐकायला लावलं.